भुवाजींची हाक आणि उलटं घड्याळ

“ए बंडूड़ा! पाणी आग्यो रै! ऊपर आज्या! ऊपर!”

ही हाक मी जयपूरला, चांदपोल वेशीच्या आतल्या आमच्या चौकात, दहा हजार वेळा तरी ऐकली असेल. बरं, नऊ हजार धरा, त्याच्या खाली मी येणार नाही. पण त्या दिवशी मी चांदपोलात नव्हतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, पोटरीभर पाण्यात, ओल्या वाळूत उभा होतो. धुकं असं की हात लांब केला तर पंजा दुसऱ्या कुणाचा वाटावा. डावीकडे डेरेक, पाठीवर लटकलेला सुब्रतो, आणि समुद्र कुठून आत येतोय ते तिघांनाही कळत नव्हतं… आणि त्या धुक्यातून ही हाक! तिकडच्या बोलीत, ‘पाणी आलं, वर ये’ अशी. माझं घरचं नाव घेऊन!

आता आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. नाहरगडाच्या वाटेवर एक पडकी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती, तिच्यात चुडैल राहते म्हणून लोक दिवसासुद्धा वळसा घालून जात. तिच्या पायरीवर बसून मी चार कांदा कचोऱ्या खाल्ल्या आहेत, आणि चुडैलीला एकही ठेवली नव्हती. दुसरं असं की माझी ख्याती या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. माझ्या गोष्टीतला मासा दर वेळी वीतभर वाढतो, असं आमची ही चारचौघांत सांगते. कबूल. पण ही गोष्ट मी साठ वर्षं सांगतोय आणि हिच्यातला मासा तेवढाच आहे. जिथे वाढवेन तिथे मीच सांगेन.

तर मुळापासून सांगतो.

माझे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. पन्नास साली बदली होऊन आम्ही वाईहून जयपूरला आलो. मी दहा वर्षांचा. ‘दोन-तीन वर्षांत परत जायचंय’ असं म्हणत आईने तीन वर्षं ट्रंकाच उघडल्या नाहीत, आणि मग आम्ही तिथलेच झालो. आईचं मराठी वाईचंच राहिलं. माझ्या मराठीत ‘मतलब’ आणि ‘भैया’ शिरले ते अजून निघाले नाहीत, मतलब, निघायचे नाहीत.

खाली दुकानं आणि वर चौक अशी आमची जागा. गल्लीतून पंचवीस उभ्या पायऱ्या चढल्या की चौक, चौकात पाच बिऱ्हाडं, आणि पाचांत मिळून एक नळ. संध्याकाळी पाणी यायचं ते कधी सहाला, कधी आठला, कधी नाहीच. आलं की अर्धा तास. तेवढ्यात भरलं ते भरलं. आम्ही पोरं खाली गल्लीत उंडारत असायचो. वर गच्चीच्या कठड्याशी भुवाजी बसलेल्या असायच्या.

भुवाजी म्हणजे आत्या. कुणाच्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या मोहल्ल्याच्या म्हणायच्या. एकट्या राहायच्या, अंगाने सुपारीएवढ्या, आणि आवाज…? आमेरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. (हे वाढवलं. चौकातली उडायची.) पाणी यायच्या आधी नळ आतल्या आत गुरगुरतो, ते त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू यायचं. मग एकेका घराच्या पाणक्याचं नाव घेऊन त्या हाक सुरू करायच्या, आणि शेवटचं पोर पायऱ्या चढून वर येईपर्यंत थांबायच्या नाहीत. मध्ये श्वास घेताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. ते शेवटचं पोर बहुतेक मीच असायचो. ‘ए बंडूड़ा! पाणी आग्यो रै!’ पाय आपोआप आवाजाच्या दिशेने पळायला लागायचे, डोकं मागाहून यायचं. ही सवय कशी हाडात मुरते ते नळाच्या गावात वाढलेल्यांनाच कळेल.

एकसष्ट साली कापडरंगाईचं शिक्षण घ्यायला मी उत्तर इंग्लंडातल्या एका धुरकट शहरात गेलो. निघताना वडिलांनी मनगटी घड्याळ दिलं. आईने अट घातली, “ते इथल्याच वेळेवर ठेव. मी तुळशीशी दिवा लावते तेव्हा तुला तिथे कळायला हवं.”

“आणि तिथली वेळ कशी कळायची?”

वडील हिशेबी डोक्याचे. त्यांनी घड्याळ माझ्या हातात उलटं केलं, म्हणजे बारा खाली आणि सहा वर. “साडेपाच तासांचा फरक. सुलटं धरलंस की जयपूर, उलटं धरलंस की विलायत. काटे फिरवायचं काम नाही.”

करून बघा, खरंच जमतं! तास-काटा जरा इकडेतिकडे होतो, पण वेळ कळते. सबंध हिवाळाभर मी या एका करामतीवर कॉलेजात भाव खाल्ला. पोरी येऊन वेळ विचारायच्या. (दोघी. एक प्राध्यापकांची बहीण होती.)

दोस्त दोन. डेरेक तिथलाच, खाणीच्या गावातला, लांबलचक आणि मोजकं बोलणारा. सुब्रतो कलकत्त्याचा, छातीने जरा नाजूक, नव्याने लग्न झालेला. त्याची बायको माधवी पुढच्या महिन्यात बोटीने यायची होती. तिचं पत्र तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि दर अर्ध्या तासाने खिसा चाचपायचा. आमचा तिघांचा नेम होता: महिन्यातून एका रविवारी सहलीच्या स्वस्त गाडीने समुद्र गाठायचा, दिवसभर वाऱ्यात कुडकुडायचं, संध्याकाळी परत. पहिल्यांदा भरती पाहिली तेव्हा मी डेरेकला विचारलं होतं, “एवढं पाणी, आणि कुणी बादली घेऊन उभं नाही?” तो दोन दिवस हसत होता.

त्या किनाऱ्यावरच्या एका गावासमोर, वाळूच्या पट्ट्यापलीकडे, एक टेकाड होतं. त्याच्यावर जुन्या दीपगृहाचं जोतं. ओहोटीला वाळूवरून चाळीस मिनिटं चालत तिथे जाता यायचं, भरतीला मध्ये समुद्र. दोनदा गेलो आणि दोनदा पावसाने परत पाठवलं. तिसऱ्यांदा मात्र मी जाहीर केलं, “आज ते जोतं पाहिल्याशिवाय मी परत येणार नाही.” बासष्ट सालचा मार्च, शेवटचा रविवार.

सकाळी घरमालकीणबाईंनी दार ठोठावलं. उलट्या घड्याळात सहाच वाजले होते. म्हटलं, बाईंना आमच्या सहलीचा उत्साह आमच्यापेक्षा जास्त, तासभर आधी उठवतायत! चरफडत उठलो. स्टेशनात डेरेकने घाईघाईने ओढत नेलं, तिथल्या घड्याळाकडे बघायला सवड कुणाला होती? गाडी मिळाली, गाव आलं. किनाऱ्यावरच्या चहाच्या दुकानात फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: साडेतीनच्या आत वाळू ओलांडून परत या. दुकानवाल्या बाईंनी तोंडानेही बजावलं. मी त्यांना माझी घड्याळाची करामत दाखवली. त्या हसल्या नाहीत.

जोतं पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं, दगड होते. आईने पाठवलेला चिवडा तिथे बसून खाल्ला. डेरेकचं घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं, सुब्रतोकडे कधीच नव्हतं. डेरेकने विचारलं, “किती वाजले?”

मी मनगट फिरवलं. “दोन. अडीचला निघू. तीन-दहाला पोचतो, वीस मिनिटं शिल्लक.”

“नक्की?”

“भैया, हे जयपूरचं घड्याळ आहे.”

अडीचला निघालो. अर्ध्या वाटेवर धुकं आलं. आलं म्हणजे कुणीतरी वरून रजई टाकावी तसं आलं. आमच्याच येतानाच्या पावलांवरून चाललो होतो, ती पावलं आधी ओली झाली, मग त्यांत पाणी भरलं, मग पावलंच दिसेनात. डेरेक थबकला.

“पाणी एवढ्यात यायला नको.”

“थोडं असेल,” मी म्हटलं.

“थोडं नाही. ते चढतंय.”

तेवढ्यात सुब्रतोचा पाय वाळूतल्या एका मऊ जागेत गुडघ्यापर्यंत गेला. दोघांनी ओढून काढला तर बूट आतच राहिला आणि घोटा मुरगळलेला. त्याला उभं राहवेना. दमही लागलेला. तो मोठ्या शांतपणे म्हणाला, “तुम्ही दोघं पुढे जा. माणसं घेऊन या.”

मला असा संताप आला! “माणसं कुठून आणू, सांगली-मिरजेहून? माधवीवहिनींना बंदरावर उतरवून घ्यायला मी जाणार नाही, आणि काय झालं ते सांगायलाही मी जाणार नाही. तूच जायचं आहेस. चल, चढ पाठीवर.” गोष्ट सांगताना मी शूर होतो खरा, पण तेव्हा शूर वगैरे नव्हतो. तीन-दहा मीच सांगितलं होतं. पोटात एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती: याला परत न्यायचं. बाकी मग बघू.

डेरेक म्हणाला, “गाव सरळ समोर आहे. चला.” आम्ही सरळ समोर निघालो आणि पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. पुन्हा थोडं वळलो. पाणी तेवढंच. सरळ कुठे आणि समोर कुठे, सगळं पांढरं…

आणि मग हाक आली. वर लिहिली तीच.

“ए बंडूड़ा! पाणी आग्यो रै! ऊपर आज्या!”

डाव्या हाताला, मागून. माझे पाय वळलेसुद्धा! डोकं अजून इंग्लंडातच होतं. मी तसाच थबकलो, पाठीवर सुब्रतो.

डेरेक म्हणाला, “कोण बाई ओरडतेय?”

इथे मी वाढवलेलं नाही. त्याला ऐकू आलं. सुब्रतो माझ्या कानाशी म्हणाला, “पाणी? ती ‘पाणी’ म्हणतेय?” त्यालाही आलं.

“डावीकडे जायचं,” मी म्हटलं.

“वेडा आहेस का? तिकडे समुद्र आहे.”

“असेल.”

“बी.के.,” (कॉलेजात मी बी.के. होतो, बंडू म्हणणारं इंग्लंडात कुणीही नव्हतं) “कोण आहे ती?”

“आमच्या चौकातल्या भुवाजी.”

“कुठे राहतात?”

“जयपूरला.”

डेरेकने माझ्याकडे जे पाहिलं ते धुक्यातही दिसलं. पण पुन्हा हाक आली, मोठी, आणि तीत तो ओळखीचा वैताग, की मेलं हे कार्टं कधी वेळेवर येईल तर शपथ! मी म्हटलं, “डेरेक, तुझ्या सरळ समोरने आपण दोनदा भिजलो. ही बाई पाण्याच्या बाबतीत बारा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. तू ये अगर नको येऊ. मी हिला सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.”

तो आला. शिव्या देत आला, पण आला.

पाणी गुडघ्यावर आलं. मग मांडीला. सुब्रतोचे पाय पाण्यात लोंबायला लागले, आणि ते हिमासारखं पाणी… तीन वेळा मी पडता पडता राहिलो. डेरेकने मागून सुब्रतोचा कोट धरून ठेवला होता. प्रत्येक वेळी वाटायचं, चुकलो, हा खरंच समुद्र आहे. आणि प्रत्येक वेळी हाक. थोडं उजवीकडे गेलो तर ती डावीकडून. मध्ये श्वास नाही.

आणि एकदम माझं कपाळ एका लाकडी खांबावर आपटलं.

वाळूत उंच खांब रोवून त्यांच्यावर एक लाकडी खोली बांधलेली होती. भरतीत अडकलेल्यांसाठीच, खाली शिडी लावलेली. सकाळी जाताना आम्हाला ती दिसलीही नव्हती, आम्ही तिच्यापासून पुष्कळ लांबून गेलो होतो. आधी डेरेक चढला. मग मी खालून ढकललं, त्याने वरून ओढलं, आणि सुब्रतोला वर घेतलं. शेवटी मी. माझा दुसरा पाय पाण्यातून निघून शिडीवर टेकला, आणि हाक थांबली.

विरली नाही. थांबली. कुणीतरी तोंड मिटावं तशी.

आत बाकावर तिघं कुडकुडत बसलो. मी सवयीने घड्याळ पाहिलं, ते चालू होतं. सुलटं पाहिलं: नऊला दहा कमी. उलटं केलं आणि म्हटलं, “तीन-वीस. पाण्याने दहा मिनिटं तरी थांबायला हवं होतं.”

डेरेक हळूच म्हणाला, “चार-वीस, बी.के. काल रात्री घड्याळं तासभर पुढे केली. उन्हाळ्याची वेळ. तू केलंस ना?”

मला सकाळच्या घरमालकीणबाई आठवल्या. मग सगळं सांगितलं, कारण सुब्रतोचा निळा पडलेला पाय माझ्या मांडीवर होता आणि मी तो चोळत होतो. तो म्हणाला, “घड्याळ आईसाठी होतं ना? मग चालू दे.” आणि त्याने खिसा चाचपला. पत्र भिजलं होतं, पण होतं.

तासाभराने धुकं उठलं आणि एका कोळ्याने होडी आणून आम्हाला उतरवलं. तो सारखं एकच विचारत होता, या धुक्यात तुम्हाला खोली सापडली कशी? डेरेकने सांगितलं की एक बाई ओरडत होत्या. कोळी म्हणाला, वाळूवर आज तुमच्याशिवाय कुणी गेलेलं नाही. चहाच्या दुकानातल्या बाईंनीही तेच सांगितलं. पुढे सबंध वर्षभर डेरेक मला हाक मारायचा तो ‘पानी-या-ग्यो’ अशी. शिकवूनही एवढी बरोबर म्हणता आली नसती.

मी हे घरी लिहिलं नाही. आईला काय लिहिणार? पण आठवड्याने तिचं पत्र आलं. सोमवारी लिहिलेलं. अजून जपून ठेवलंय, त्यातलंच देतो:

‘चि. बंडूस अनेक आशीर्वाद. काल आपल्या भुवाजींचं काही खरं नव्हतं. रात्री साडेआठला एकाएकी कठड्याशी जाऊन पाणी आलं म्हणून हाका मारायला लागल्या. सगळे कळशा-बादल्या घेऊन धावले. नळाला थेंब नाही! भांडाभांडी झाली. त्या मात्र ऐकेनात. आणि हाक कुणाला, तर तुला! मी वर जाऊन म्हटलं, अहो भुवाजी, बंडू विलायतेत आहे. तर मला हाताने बाजूला सारलं. रेडिओवर नऊच्या बातम्या लागायच्या जरा आधी आपोआप गप्प झाल्या, तांब्याभर पाणी प्याल्या आणि निजल्या. आज घसा पार बसलाय. वय झालं, दुसरं काय. तू नीट जेवतोस ना?’

पत्र वाचून मी घड्याळ उलटंसुलटं करून पुन्हा हिशेब केला: नऊला दहा कमी, मी शिडीवर.

मी रंगशास्त्राचा माणूस आहे. डाग कसा पडला हे शोधून काढायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा. म्हणून साठ वर्षं सोडलं नाही. धुक्यात आवाज लांबवर जातो म्हणे. गेला असेल, पण चार हजार मैल? भास म्हणावा तर डेरेकला राजस्थानी बोलीत भास व्हायचं कारण काय? आईने उगीच लिहिलं म्हणावं तर तिला कळवलं कुणी? जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत माझ्या मुलाच्या घरी हल्ली डॉक्टर, इंजिनियर, एक निवृत्त कर्नलसाहेब असे पुष्कळ शहाणे चहाला येतात. प्रत्येकाला विचारून झालं. कर्नलसाहेब म्हणाले, ‘विचार करून सांगतो.’ त्याला अकरा वर्षं झाली.

मी स्वतः भुवाजींनाच विचारलं होतं. चौसष्ट साली परत आलो तेव्हा. लोकरीची शाल घेऊन गेलो त्यांच्यासाठी. त्या गच्चीवर सांगरीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या, आणखी लहान झालेल्या. त्यांचं बोलणं मराठीतच लिहितो, त्यांच्या बोलीत लिहायला गेलो तर चुका होतील, आणि त्या चुका त्यांना ऐकू जातील अशी मला अजून भीती वाटते.

“भुवाजी, दोन वर्षांपूर्वी एका रात्री नळ कोरडा असताना तुम्ही मला हाका मारल्या होत्या. आठवतं?”

“हो.”

“मी तेव्हा सात समुद्रांपलीकडे होतो.”

“तुझ्या आईने सांगितलं होतं.”

“मग का मारल्यात?”

“पाय भिजले माझे.”

“गच्चीवर?”

त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. मी वकिलासारखा उलटतपासणीला बसलो होतो. म्हटलं, आज सोडायचं नाही. वाळू, धुकं, सुब्रतो, शिडी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. शाल उलटीसुलटी करून पाहिली आणि घडी घालून मांडीवर ठेवली.

“बरं, मारल्यात ते मारल्यात,” मी शेवटचं विचारलं, “पण मी शिडीवर पाय ठेवला त्याच क्षणी थांबलात. ते कसं?”

भुवाजी पुन्हा शेंगांकडे वळल्या.

“शेवटी तूच यायचास नेहमी,” त्या म्हणाल्या. “तू वर आलास. मग कुणाला ओरडू?”